लष्करच्या भाकरी आणि शाळेचे मास्तर



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत छापून आला, तेव्हा आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी आम्हांस भर बाजारात गाठले आणि विचारले, "काय हो, वसंत व्याख्यानमालेत आता मास्तरांच्या भत्त्यांवर बोलणार? ते शिक्षक संघटनेच्या सभेत बोलायचे!" त्यांचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. भत्ता हा शब्द उच्चारला की कोणत्याही विषयाचे तेज निम्मे उतरते. परंतु ज्या कामाच्या मोबदल्याविषयी आम्ही आज बोलणार आहोत, ते काम बंद पडले तर मास्तरांचे काही बिघडत नाही. ते पाच वाजता घरी जातात आणि चहा पितात. बिघडते ते मुलांचे. म्हणून हा विषय तुमच्यापुढे, म्हणजे मुलांच्या आईबापांपुढे आणि आजोबांपुढे, मांडायचा.

हे काम कोणते? शाळेत वेळापत्रकाच्या चौकटीत जे बसते ते शिकवणे. त्या चौकटीबाहेर विज्ञान मंडळ असते, वाङ्मय मंडळ असते, भित्तिपत्रक आणि हस्तलिखित असते, स्काउटचे पथक, खो-खोचा संघ, बुद्धिबळाचा पट, नाटकाच्या तालमी, वक्तृत्वाची तयारी, आणि डिसेंबर उजाडला की स्नेहसंमेलन असते. यांतील प्रत्येकामागे एक मास्तर किंवा एक बाई उभी असते. मुले स्वतःहून काही मंडळ चालवीत नाहीत. चालवतात असे दिसते, ते दिसावे म्हणून कोणीतरी खोलीची किल्ली घेऊन सहा वाजेपर्यंत थांबलेले असते.

आम्ही स्वतः काही वर्षे विज्ञान मंडळ चालवले. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला. मार्च महिना, वार्षिक परीक्षा तोंडावर, आणि धूमकेतू दिसायचा तो पहाटे, आग्नेयेच्या बाजूला, क्षितिजापासून फारसा वर नाही. गावातल्या दिव्यांतून तो दिसणे शक्य नव्हते. तेव्हा तेवीस मुले घेऊन आम्ही पहाटे साडेतीनला गावामागच्या टेकडीवर गेलो. एका निवृत्त सुभेदारांनी आपली दुर्बीण दिली. धूमकेतू कसा दिसला म्हणाल, तर पुसट. कोणी पाटीवर बोट फिरवून खडू पुसावा तसा. मुलांची थोडी निराशा झाली, हे कबूल केले पाहिजे. एकाने तर विचारले, "सर, एवढाच?" परंतु तो पुन्हा येईल तेव्हा २०६१ साल असेल असे सांगितल्यावर प्रत्येकाने मनातल्या मनात आपले वय मोजले, आणि टेकडीवर जी शांतता पसरली ती आम्ही विसरलो नाही. आमचा एक विद्यार्थी आज वकील आहे. आम्ही शिकवलेला लसावि त्याला आठवत नाही; ती पहाट आठवते.

आता या पहाटेचा हिशेब ऐका. टॉर्चचे सेल, चहा आणि केळी मिळून सत्तेचाळीस रुपये खर्च झाले. आम्ही रीतसर व्हाउचर केले आणि कार्यालयात दिले. आठ दिवसांनी ते परत आले. त्यावर तांबड्या शाईने लिहिले होते : "सदर खर्चास पूर्वमंजुरी नाही." सत्तेचाळीस रुपयांनी आम्ही बुडालो नाही. पण त्या दिवशी पहाटे साडेतीनला घर सोडून पुन्हा अकराच्या ठोक्याला आम्ही वर्गावर हजर होतो, त्याची नोंद कोठेच नव्हती. नोंद झाली ती केळ्यांची, आणि तीही चूक म्हणून. ते व्हाउचर आमच्याजवळ पुष्कळ वर्षे होते.

आपल्या भाषेत या प्रकाराला एक नेमका वाक्प्रचार आहे. घरचे खाऊन लष्करच्या भाकरी भाजणे. यातली गंमत अशी की, भाकरी भाजणाऱ्याला कोणी वेडा म्हणत नाही. उलट थोड्या कौतुकानेच बोलतात. फक्त पीठ कोणी देत नाही.

जगात इतरत्र हा प्रश्न कसा हाताळतात ते पाहू. अमेरिकेची रीत सरळ व्यापारी आहे, आणि व्यापारी म्हणून तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. तेथे प्रत्येक शाळा-जिल्ह्याचे मंडळ आणि शिक्षकांची संघटना यांच्यात करार होतो. पगाराचे कोष्टक असते तसे त्याला आणखी एक कोष्टक जोडलेले असते : फुटबॉलचा प्रशिक्षक, वाद्यवृंदाचा मार्गदर्शक, वार्षिक अंकाचा सल्लागार, वादविवाद मंडळ, बुद्धिबळ, नाटक, आणि प्रत्येकापुढे रक्कम. काही ठिकाणी ती ठरावीक असते, काही ठिकाणी मूळ पगाराच्या टक्क्यांत. मुले किती, हंगाम किती आठवड्यांचा, बाहेरगावचे सामने किती, यांवर ती ठरवतात. हे काम वेगळ्या कराराने दिलेले असते आणि तो बहुधा एका वर्षाचा असतो. म्हणजे संघ हरला म्हणून फुटबॉलचे काम काढून घेतले, तरी त्याच गृहस्थाची इतिहास शिकवण्याची नोकरी शाबूत राहते.

या कोष्टकाचा गुण असा की जे काम होते ते कागदावर येते. दोष असा की कागदावर आले की लहानमोठेपणही उघडे पडते. ज्या खेळाला गाव लोटते त्याच्या प्रशिक्षकाची रक्कम मोठी, आणि चार मुले घेऊन संध्याकाळी कवितेचा अंक काढणाऱ्या बाईंची अगदी लहान, कधी मुळीच नाही. आपल्याकडे हा भेद नाही असे समजू नका. आपल्याकडे कोष्टकच नाही, म्हणून तो दिसत नाही इतकेच.

अमेरिकेच्या कायद्याची एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. तेथील १९३८ च्या श्रमविषयक कायद्याने ठरावीक तासांपलीकडच्या कामाला दीडपट मजुरी दिली पाहिजे. शिक्षक त्यातून वगळलेले आहेत. शिक्षक खेळाचा संघ चालवीत असेल किंवा नाटक, वक्तृत्व, वादविवाद, वृत्तपत्र यांचे मार्गदर्शन करीत असेल, तर ते काय? नियमात स्पष्ट म्हटले आहे की तेही अध्यापनच होय, शाळेच्या मान्य कर्तव्याचाच तो भाग. किती सुंदर वाक्य! आमच्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात आम्ही हेच वाक्य आदराने पाठ केले असते. परंतु नियमात ते आदरापोटी आलेले नाही. ते अध्यापन ठरले की दीडपट मजुरी लागत नाही, हा त्याचा उपयोग.

मग जो शिक्षक नाही, पण शाळेतच नोकरीला आहे, त्याचे काय? व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स काउंटीत असा एक खटला झाला. एका शाळेतील सुरक्षा साहाय्यक वर्षानुवर्षे मुलांना गोल्फ शिकवीत असे. वर्षाला चारशेहून अधिक तास आपण त्यात घालवतो असे त्याचे म्हणणे होते, आणि त्याला त्याबद्दल वर्षाचे सुमारे दोन हजार डॉलर मिळत. तो म्हणाला, हे तास माझ्या नोकरीच्या तासांत मिळवा आणि जादा वेळेचा पगार द्या. २०११ साली अपील न्यायालयाने निर्णय दिला की गोल्फपुरता हा मनुष्य स्वयंसेवक आहे. त्याला मिळते ते वेतन नव्हे, नाममात्र रक्कम आहे. नाममात्र कशाला म्हणायचे, तर तेच काम करण्यासाठी बाहेरून माणूस नेमला असता तर जे द्यावे लागले असते, त्याच्या एकपंचमांशाहून अधिक नाही ते, असा तेथील श्रमखात्याचा ढोबळ दंडक आहे. आणि न्यायालयाने आणखी एक गोष्ट विचारात घेतली : त्याला त्या मुलांविषयी आणि खेळाविषयी वाटणारी आस्था. म्हणजे त्याने आस्था कमी दाखवली असती तर त्याची बाजू कदाचित बळकट झाली असती! कायद्याच्या दृष्टीने निर्णय चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु आवडीने काम करणाऱ्याची आवडच त्याच्या विरुद्ध पुरावा कशी होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हांस दुसरे आढळले नाही.

आता जपान. खरे सांगायचे तर आजचे व्याख्यान करावेसे वाटले ते जपानमुळेच, कारण जपानचे मास्तर आपल्याला जवळचे वाटतात. तेथेही शिक्षकाला मान आहे, तेथेही पैशाविषयी बोलणे हे शिक्षकाला शोभत नाही असे समजतात, आणि तेथेही 'नाही' म्हणता येत नाही.

जपानच्या माध्यमिक शाळांतील मंडळांना 'बुकात्सु' म्हणतात. बेसबॉल, टेबल टेनिस, वाद्यवृंद, सुलेखन, चहाविधी, काहीही. शाळा सुटल्यावर रोज, आणि शनिवारी-रविवारीही. प्रत्येक मंडळाला एक सल्लागार शिक्षक हवा. आणि पुष्कळ शाळांत रीत अशी की प्रत्येक शिक्षकाने कोणते ना कोणते मंडळ घेतलेच पाहिजे. ज्याने जन्मात बॅडमिंटनची रॅकेट धरली नाही त्याच्याकडे बॅडमिंटन येते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ साली शिक्षकांची जी पाहणी केली, तीत जपानच्या निम्न माध्यमिक शिक्षकांचा आठवडा ५६ तासांचा निघाला. पाहणीतील देशांची सरासरी ३८.३ होती. त्यांतील केवळ मंडळांसारख्या अभ्यासेतर कामाला ७.५ तास, जेथे सरासरी होती १.९. पुढल्या, म्हणजे २०२४ च्या पाहणीतही जपानचा आठवडा ५५ तासांच्या वरच राहिला.

एवढ्या कामाचा मोबदला काय? येथे १९७१ चा एक कायदा आहे. १९६६ साली सरकारने मोजणी केली, तेव्हा शिक्षकांचे जादा काम महिन्याला सरासरी आठ तासांच्या आसपास भरले. त्यावरून ठरवले की सरकारी शाळेतल्या शिक्षकाला जादा वेळेचा पगार द्यायचा नाही. त्याऐवजी सर्वांना मूळ पगाराच्या चार टक्के सरसकट द्यायचे. महिन्याच्या आठ तासांचे ते चार टक्के, काम कित्येक पटींनी वाढले तरी चारच राहिले. अर्धे शतक!

पण या कायद्याची खरी मेख पुढेच आहे. मुख्याध्यापकाला शिक्षकाकडून शाळेच्या वेळेबाहेर काम हुकुमाने करवून घ्यायचे असेल, तर ते चारच कारणांसाठी करता येते : विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके, शाळेचे समारंभ, शिक्षकांची सभा आणि आपत्तीचा प्रसंग. या चारांत मंडळे नाहीत. मग रोज संध्याकाळी सहा-सात वाजेपर्यंत मैदानावर उभा असलेला शिक्षक कोणाच्या हुकुमाने उभा आहे? कोणाच्याच नाही. कायदा म्हणतो, तो आपखुशीने उभा आहे. श्रोतेहो, हुकूम दिला तर त्याला किंमत असते, म्हणून हुकूम द्यायचा नाही. फक्त वर्षाच्या आरंभी प्रत्येकाच्या नावापुढे एका मंडळाचे नाव लिहून तक्ता भिंतीवर लावायचा. यापेक्षा बेमालूम वेठबिगार आम्ही तरी पाहिलेली नाही. शनिवार-रविवारच्या सरावाला थोडा भत्ता असतो. तीन तासांना सुमारे २७०० येन हा त्याचा अलीकडच्या काळातील मान आहे.

२०१५ च्या अखेरीस काही तरुण शिक्षकांनी या रीतीविरुद्ध अर्ज तयार केला. त्यांची मागणी पैशाची नव्हती, हे ध्यानात घ्या. मंडळ घ्यायचे की नाही हे आम्हांला ठरवू द्या, एवढीच मागणी. वीस हजारांवर सह्या झाल्या आणि अर्ज शिक्षण मंत्रालयात पोहोचला. २०१७ पासून शाळेला शिक्षकाऐवजी बाहेरचा मार्गदर्शक रीतसर नेमता येऊ लागला. २०१८ मध्ये सरकारने सूचना काढली की मंडळांना आठवड्यातून निदान दोन दिवस सुटी असावी, आणि सराव शाळेच्या दिवशी दोन तासांच्या व सुटीच्या दिवशी तीन तासांच्या पलीकडे जाऊ नये. २०२३ पासून सुटीच्या दिवसांची मंडळे शाळेकडून गावातील संस्थांकडे सोपवण्यास प्रारंभ झाला. कोबे शहराने तर २०२६ मध्ये आपल्या निम्न माध्यमिक शाळांतील मंडळे थांबवून सारा कारभार शहरातील गटांकडे देण्याचे जाहीर केले. आणि त्या चार टक्क्यांचे? २०२५ च्या जून महिन्यात कायदा सुधारला गेला. २०२६ पासून दर वर्षी एकेक टक्का वाढवीत २०३१ पर्यंत ते दहावर न्यायचे ठरले. दहा टक्के झाले तरी तासांचा हिशेब नाही तो नाहीच.

शाळेकडून गावाकडे, हे ऐकायला बरे वाटते. पण आम्हांस त्यात एक काळजी वाटते. शाळेतले मंडळ फुकट असते, म्हणून सफाई कामगाराची मुलगी आणि डॉक्टरांची मुलगी एकाच पेटीवर सूर धरतात. गावातली संस्था वर्गणी घेणार, आणि तेथवर जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. म्हणजे मास्तरांच्या फुकट कामावर आजवर कोण जगत होते ते आता दिसू लागेल. त्यांत सर्वांत जास्त होती ती गरिबांची मुले.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे या कामासाठी एक फार देखणा शब्द आहे : मानधन. मान आणि धन, दोन्ही एकाच शब्दात! व्यवहारात मात्र हा शब्द कोठे वापरतात ते पाहा. जेथे धन थोडे द्यायचे असते तेथे मान पुढे करतात. महाराष्ट्रात २००० सालापासून नवा शिक्षक पहिली तीन वर्षे 'शिक्षण सेवक' असतो, आणि त्याला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. प्राथमिकला सहा हजार, माध्यमिकला आठ हजार, उच्च माध्यमिकला नऊ हजार रुपये असे ते कित्येक वर्षे होते. २०२३ साली शासनाने ते अनुक्रमे सोळा, अठरा आणि वीस हजार केले. पूर्ण वेळ काम, आणि नाव मानधन. मग ज्याच्या पूर्ण नोकरीलाच मानधन म्हणतात, त्याच्या संध्याकाळच्या मंडळाला काय म्हणावे? आणि कोणत्याही शाळेत जाऊन पाहा, स्नेहसंमेलनाचे, सहलीचे, भित्तिपत्रकाचे काम याच नव्या मुलामुलींच्या गळ्यात पडलेले असते, कारण कायम व्हायचे असते आणि नाही म्हणायचे नसते. जपानच्या भिंतीवरचा तक्ता आपल्याकडे तोंडी असतो.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा पाहावा, तर त्यात शिक्षकाचा आठवडा तयारीसह ४५ तासांचा धरला आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक कामाला शिक्षकांना जुंपू नये असे त्यात आहे, आणि शिक्षकाने खाजगी शिकवण्या करू नयेत असेही आहे. कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर अंशकालीन निदेशक असावेत, हेही आहे. विज्ञान मंडळ हे शैक्षणिक की अशैक्षणिक, त्या ४५ तासांत की बाहेर, याविषयी मात्र एक अक्षर नाही. अमेरिकेने ते अध्यापन ठरवले, जपानने ते आपखुशी ठरवले. आपण ते काहीच ठरवले नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो आम्हांस विचार करायला लावणारा वाटतो. एन. सी. सी. १९४८ च्या कायद्याने ही संघटना उभी राहिली. तिचे पथक शाळेत चालवणारा मनुष्य शिक्षकच असतो. पण त्याला आधी प्रशिक्षणाला पाठवतात. पुरुषांना आपल्याच नागपूरजवळच्या कामठीला, स्त्रियांना ग्वाल्हेरला. परत येतो तो थर्ड ऑफिसर होऊन, गणवेश आणि हुद्दा घेऊन. त्याला मानधन असते. ते मोठे नसते. त्यावर कोणी माडी बांधल्याचे ऐकिवात नाही. परंतु शिबिराला गेला तर तो कामावर आहे असे मानतात, आणि त्याची बढती होते. परिणाम काय? ज्या शाळांत भित्तिपत्रक केव्हाच बंद पडले, वाचक मंडळाचे कपाट गंजले, तेथेही एन. सी. सी.चे पथक रविवारी सकाळी मैदानावर दिसते. त्या मास्तरांची हौस इतरांहून दांडगी असते म्हणून नव्हे. लष्कराला भाकरी भाजण्याचे मोल कळते म्हणून. म्हणीतल्या लष्कराने निदान आपल्यापुरती तरी म्हण खोटी पाडली आहे!

येथे आम्हांस एक आक्षेप ऐकू येतो, आणि तो हलका नाही. पैसा आला की हौस जाते. शिक्षक हा व्रती असतो, मजूर नव्हे. ज्या महाराष्ट्रात १८८० साली चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेथे हा आक्षेप असणारच. पण त्या इतिहासाचा पुढचा भागही वाचला पाहिजे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत याच प्रश्नावरून दुफळी झाली. आजन्म सेवकांचा पगार वाढवावा की नाही, आणि त्यांनी बाहेरची कामे घ्यावीत की नाहीत, यांवर मतभेद विकोपाला गेले. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा टिळकांनी हरकत घेतली आणि १८९० मध्ये ते सोसायटीतून बाहेर पडले. दोन्ही बाजूंना त्यागाची कमतरता नव्हती. भांडण होते ते हे की माणसाचा किती वेळ संस्थेचा आणि किती त्याचा स्वतःचा. ज्यांनी सर्वस्व दिले त्यांनाही हा हिशेब टाळता आला नाही. आणि ते व्रत त्यांनी स्वतः घेतले होते, दुसऱ्याच्या नावापुढे लिहिले नव्हते.

तरीही पैशाने हौस बिघडते, यात तथ्य आहे. आमच्या शाळेत एकदा संमेलनाच्या उरलेल्या वर्गणीतून काम करणाऱ्यांना थोडी रक्कम द्यावी असे ठरले. पाच जणांची नावे आली. सहाव्याने, ज्याने पडदे शिवून आणले होते, पुढे तीन वर्षे संमेलनाकडे पाहिले नाही. रक्कम होती पन्नास रुपये. तेव्हा थोडे पैसे, लहरीने, निवडक लोकांना, हा सर्वांत वाईट मार्ग आहे असे आमचे मत झाले आहे. याहून काहीच न देणे बरे.

मग काय द्यावे? आम्ही तुमच्यापुढे योजना घेऊन आलेलो नाही. पण चार शाळांच्या संचालक मंडळांवर असलेली माणसे समोर बसली आहेत, त्यांना एवढे विचारतो. पहिले म्हणजे टॉर्चचे सेल. मंडळाचा खर्च मास्तरांच्या खिशातून होता कामा नये. वर्षारंभी हजार-दोन हजार रुपये त्या मंडळाच्या नावे बाजूला काढून ठेवावेत, आणि केळ्यांना पूर्वमंजुरी मागू नये. दुसरे म्हणजे नाही म्हणण्याची मुभा. आणि तिसरे, ज्याला एक पैसाही लागत नाही : वेळ. आठवड्यातल्या दोन तासिका कमी करा, आणि त्या जागी वेळापत्रकात मंडळाचे नाव छापा. छापलेल्या गोष्टीला शाळेत फार मान असतो.

या तिसऱ्या गोष्टीविषयी आम्ही अधिक आग्रहाने बोलतो, त्याचे कारण सांगितले पाहिजे.

आमच्याबरोबर एक बाई होत्या. मराठी शिकवीत. स्वतः जिल्ह्याकडून खो-खो खेळलेल्या. सहा वर्षे त्यांनी मुलींचा संघ चालवला. सव्वापाच ते पावणेसात रोज मैदानावर. त्यांचा लहान मुलगा तेवढा वेळ शेजारी बसे. सामन्यांना जाताना एखाद्या मुलीकडे एस.टी.च्या भाड्याला पैसे नसत, ते कोण भरी हे आम्ही कोणी विचारले नाही. संघ एकदा विभागीय सामन्यांपर्यंत गेला. सातव्या वर्षी त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि बाईंना सहाच्या आत घरी पोहोचणे भाग झाले. त्यांनी मुख्याध्यापकांकडे जाऊन विचारले की आठवड्यातल्या दोन शेवटच्या तासिका मला मोकळ्या मिळतील का, म्हणजे त्या वेळात सराव घेता येईल. त्यांना उत्तर मिळाले, "बाई, हौसेचे काम हौसेनेच करावे. वेळापत्रकात हौस बसत नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी शिट्टी आणून टेबलावर ठेवली. कोणाशी भांडल्या नाहीत. पुढल्या वर्षी संघ नव्हता. मैदानावरचे दोन खांब काही वर्षे तसेच उभे होते, मग एका संमेलनाच्या मांडवाला लागले. त्या संघात नववीतली एक मुलगी होती, फार चपळ, तिने एके दिवशी स्टाफरूमच्या दाराशी येऊन विचारले, "सर, आता आमचा खेळ कोण घेणार?" तेव्हा आम्ही, "बघू," म्हणालो.

श्रोतेहो, त्या वर्षी शाळेचे वेळापत्रक आम्हीच करीत होतो. दोन तासिका हलवणे शक्य होते. मंगळवार आणि शुक्रवार, दोन्ही दिवशी शेवटची तासिका. मंगळवारी त्या वेळात एका रजेवरच्या शिक्षकांच्या वर्गावर मुलांना गप्प बसवायला त्या बाईंनाच पाठवण्याचा कागद आमच्या सहीचा आहे.